शेवरलेतून क्युबा, सोबत कोल्हापूरचे मेस्त्री

क्युबाचे फोटो म्हटले की तेच ते, गुलाबी उघडी गाडी, मागे समुद्र आणि गाडीत नवी कोरी टोपी घालून बसलेले टुरिस्ट. आमचं तिकीटही त्याच फोटोपायी निघालं, खोटं कशाला सांगू. फरक एवढाच की माझ्यासोबत अण्णा होते. म्हणजे माझे वडील. कोल्हापूरला उद्यमनगरात त्यांचं गॅरेज होतं, फियाट, अ‍ॅम्बेसेडर, मेटॅडोर, नंतर ट्रॅक्स, जे येईल ते. माझ्याकडे टोरोंटोला हिवाळ्यात आले होते आणि बर्फ बघून बघून कंटाळले होते. मी म्हटलं चला, साडेतीन-चार तासांचं विमान आहे, उन्हात जाऊ. त्यांना ऊन वगैरे काही नाही, पन्नासच्या दशकातल्या गाड्या अजून रस्त्यावर पळतात म्हटल्यावर लगेच बॅग भरायला घेतली.

जानेवारी २०२४ ची गोष्ट आहे, त्यामुळे व्हिसाचे नियम आता जाणार असाल तर ताजे बघून घ्या. तेव्हा कॅनडाहून जाताना कागदी टुरिस्ट कार्ड विमान कंपनीच देत होती, आमच्या भारतीय पासपोर्टवरही तेवढंच लागलं. शिवाय मेडिकल इन्शुरन्स सक्तीचा, आणि निघायच्या आधी ऑनलाइन एक फॉर्म भरून त्याचा क्यूआर कोड मोबाईलमध्ये ठेवायचा. अण्णांचा कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा होता म्हणून परत येताना काही अडचण आली नाही, पण आईवडिलांना नेणार असाल तर हे आधी तपासा, नाहीतर ते हवानात अडकतील आणि तुम्ही विमानतळावर रडत बसाल.

पैसे सगळे रोख न्यायचे. अमेरिकन बँकेचं कार्ड तिथे चालतच नाही, बाकीच्यांची चालली तर चालली. आम्ही युरो नेले, छोट्या नोटा जास्त. बँकेचा दर तेव्हा डॉलरला १२० पेसो होता आणि रस्त्यावर त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणजे कुठला माणूस कुठल्या दराने हिशोब करतोय ते विचारल्याशिवाय पाण्याची बाटलीसुद्धा घेऊ नये.

राहायला कासा पार्तिक्युलार, म्हणजे लोकांच्या घरातल्या खोल्या. सरकारी परवाना असतो, दारावर निळं चिन्ह असतं, सकाळचा नाश्ता भरपूर. आमची घरमालकीण सेंत्रो हवानात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि संध्याकाळी लाईट गेली की जिन्यात मोबाईलचा टॉर्च. अण्णा म्हणाले, "चला, घरी आल्यासारखं वाटतंय."

आता गाड्यांकडे येते. पार्के सेंत्राल चौकात, घुमटाच्या कापितोलिओ इमारतीच्या समोर त्या उघड्या गाड्यांची रांग असते, गुलाबी, पोपटी, जांभळ्या, वार्निश मारल्यासारख्या चकचकीत. तेव्हा तासाला ३० ते ५० डॉलर असा भाव होता, घासाघीस करता येते. मी बसायला निघाले तर अण्णा पुढे होऊन एका गाडीच्या दरवाज्याच्या वरच्या कडेवर बोट फिरवायला लागले, मग काचेची चौकट बघितली, मग मागच्या सीटमागे वाकून बघितलं आणि मला म्हणाले, "पोरी, हिला छत हुतं. कापलंय." मला वाटलं उगाच काहीतरी. पण नंतर कळलं की खरंच तसं आहे, २०१४ च्या डिसेंबरात ओबामा आणि क्युबाचे तेव्हाचे अध्यक्ष राऊल कॅस्ट्रो यांनी संबंध सुधारायची घोषणा केली, त्यानंतर अमेरिकन टुरिस्टांची लाट आली, पुढे क्रूझ जहाजं पण यायला लागली, आणि उघड्या गाडीला मागणी इतकी की बऱ्याच जणांनी चांगल्या बंद सेडान कापून कन्व्हर्टिबल केल्या, खाली चेसिसला अँगल वेल्ड करून. २०१९ ला ट्रम्पनी क्रूझ बंद केल्या आणि मग कोविड. आम्ही गेलो तेव्हा रांगेत गाड्या जास्त आणि गिऱ्हाईक कमी. कापलेल्या गाडीत पैसे देऊन बसणार नाही असं अण्णांनी जाहीर केलं, विषय संपला.

त्याऐवजी आम्ही आल्मेंद्रोन पकडली. हवानात या जुन्या गाड्यांना हेच म्हणतात, विशेषतः शेअर टॅक्सी म्हणून ठरलेल्या रूटवर पळतात त्यांना. रस्त्याच्या कडेला उभं राहून हात दाखवायचा, गाडी थांबते, जागा असली तर आत घुसायचं, पुढे ड्रायव्हरसकट तिघं, मागे तीन-चार, काहींत डिकीच्या जागी अजून एक सीट. भाडं पेसोत. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, दार आपटायचं नाही. जड लोखंडी दार आहे म्हणून आपण आपसूक जोर लावतो, आणि गाडीतले सगळेच्या सगळे आपल्याकडे असं बघतात की बस. हे बिजागऱ्या आणि लॉक आता कुठे मिळणार नाहीत, त्यामुळे दार हळू लावणं हा तिथला पहिला शिष्टाचार, नमस्कार नंतर.

बेट फिरायला मात्र ड्रायव्हरसकट एक गाडी ठरवायची होती. हे सगळं ओळखीने चालतं. घरमालकिणीने कुणाला तरी फोन केला, त्याने दुसऱ्याला, आणि संध्याकाळी एक गृहस्थ फिकट निळी १९५४ ची शेवरले घेऊन खाली हजर. त्यांचं नाव लिहीत नाही, तिकडचे लोक या बाबतीत जरा जपून असतात. पन्नाशीचे, आधी इंजिनिअर होते, सरकारी पगारात भागेना म्हणून टॅक्सीत आले. दिवसाला सव्वाशे युरोच्या आसपास ठरलं, डिझेल त्यांचं, त्यांची राहायची-जेवायची सोय आपण उतरू त्या घरातच होते, त्याचे वेगळे लागत नाहीत. घरमालकिणीचं कमिशन त्यातच असणार, असू दे. दोन गोष्टी मात्र आधी बोलून घ्या, टॅक्सीचं लायसन आहे का ते, कारण जिल्ह्याच्या हद्दीवर पोलिसांच्या चौक्या असतात आणि परदेशी माणूस दिसला की कागद मागतात, आणि दुसरं म्हणजे डिझेलची व्यवस्था आहे का. पंपांवर मोठमोठ्या रांगा होत्या. आमचे ड्रायव्हर "आहे" म्हणाले आणि डिकी उघडून दाखवली, तर आत दोन मोठे कॅन भरलेले. कुठून आणले ते मी विचारलं नाही.

ठरवायच्या आधी अण्णांनी बॉनेट उघडायला लावलं. लग्नाला मुलगी बघायला गेल्यासारखं सगळं चाललं होतं. आणि आत बघून माणूस असा खूश झाला की मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. "ह्यात शेवरलेचं फकस्त नाव हाय बघ!" मूळ गाडीत सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, २३५ घन इंचाचं, म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडं वर. ते कधीच गेलं. आत एका कोरियन व्हॅनचं डिझेल इंजिन बसवलेलं, गिअरबॉक्स पण त्याच व्हॅनचा, रेडिएटर कुठल्यातरी ट्रकचा, ब्रेक पुढचे लाडा या रशियन गाडीचे डिस्क, बॅटरी डिकीत. गिअरचा दांडा मात्र अजून स्टिअरिंगलाच, त्याचं लिंकेज ड्रायव्हर साहेबांनी स्वतः बनवलेलं. आपल्या पद्मिनीला असायचा तसाच, त्यामुळे अण्णांनी हात लावला आणि बरोब्बर चारही गिअर टाकून दाखवले. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरात पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या गेल्या तेव्हा दोन दिवस अण्णा तोंड पाडून बसले होते, आणि इथे त्यांना सत्तर वर्षांची गाडी धंद्यावर दिसत होती.

स्पीडोमीटर शून्यावर. पेट्रोलचा काटा बंद. डॅशबोर्डच्या खाली तारेने बांधलेला एक छोटा टेम्परेचर मीटर आणि त्याच्या शेजारी घरातल्या लाईटचं असतं तसलं बटण. मीटर वर चढला की ड्रायव्हरने बटण दाबून रेडिएटरचा पंखा चालू करायचा, उतरला की बंद. प्रवासभर त्यांचा एक डोळा त्या मीटरवर असायचा. सीटबेल्ट नाहीतच, लहान मुलं असतील तर हे नीट विचार करून ठरवा. काच खाली करायचं हँडल गाडीत एकच, ते मागूनपुढून पास करायचं.

पहिला टप्पा विन्यालेस. हवानापासून पश्चिमेला साधारण १८० किलोमीटर, हायवेने पिनार देल रिओच्या दिशेने. हायवे म्हणजे प्रचंड रुंद आणि जवळजवळ रिकामा, मध्येच घोडागाडी, मध्येच सायकल, उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर, पुलाखाली सावलीत लिफ्टसाठी थांबलेली माणसं, आणि रस्त्यात उभे राहून चीजचे मोठे गोळे आणि पेरूच्या वड्या दाखवणारे विक्रेते. खड्डे असे की ड्रायव्हर गाडी सरळ न चालवता आख्ख्या रस्त्यावर नागमोडी फिरवत होते. सत्तर-ऐंशीच्या पुढे गेलो नाही. सोफ्यासारखी सीट, पुढचं ते लांबलचक बॉनेट, वारा, सगळं भारी वाटतं पण पहिल्या अर्ध्या तासानंतर डिझेलचा धूर नाकात जायला लागतो. खालून कुठूनतरी आत येतो. डोकं चढतं. फोटोत धूर दिसत नाही ना.

वाटेत मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये आणि फोनमधल्या ट्रान्सलेटरमध्ये त्यांना विचारलं की ही गाडी तुमच्याकडे आली कशी. तर आजोबांची. मग त्यांनी जे सांगितलं आणि मी नंतर वाचून ताडून पाहिलं ते असं की १९५९ च्या क्रांतीआधी अमेरिकन गाड्या धडाधड येत होत्या, फ्लोरिडा इथून दीडशे किलोमीटरवर. १९६० च्या ऑक्टोबरात अमेरिकेने अन्न आणि औषधं सोडून क्युबाला माल पाठवणं बंद केलं, १९६२ च्या फेब्रुवारीत केनेडींनी पूर्ण व्यापारबंदी लावली. नवीन गाडी नाही, स्पेअर पार्टही नाही. पुढे सोव्हिएतकडून लाडा आणि मॉस्कविच आल्या, पण त्या मिळायच्या नोकरीतल्या कामाबद्दल, डॉक्टर, इंजिनिअर, खेळाडू वगैरेंना, आणि त्या विकता यायच्या नाहीत. एकमेकांना उघड विकता-घेता येईल अशी गाडी फक्त क्रांतीच्या आधीची. हा नियम २०११ पर्यंत होता! मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे निर्बंध अमेरिकेचे होते हे खरं, पण या गाड्या टिकल्या त्यात घरच्या कायद्याचाही तेवढाच हात आहे. २०१४ ला सरकारने नवीन गाड्या विकायला काढल्या तर प्यूजोच्या एका सेडानची किंमत अडीच लाख डॉलरच्या वर. ड्रायव्हर साहेब हे सांगताना स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर करून हसले, मी म्हटलं बाबा हात खाली घ्या आधी.

विन्यालेसला पोचता पोचता घाटात बटणाचा उपयोग होईना. काटा वर, वाफ, गाडी बाजूला. रेडिएटरचा खालचा होज तडकला होता. मी घड्याळ बघतेय, आणि हे दोघं बॉनेटमध्ये कमरेपर्यंत आत. ड्रायव्हरने डिकीतून सायकलची जुनी ट्यूब काढली, तिच्या पट्ट्या कापल्या. अण्णांनी त्या हातातून घेतल्या आणि एका टोकाकडून ताणून ताणून एकावर एक अर्धी चढवत गुंडाळल्या, वरून तार. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. अण्णा मराठीत बोलत होते, "आवळ, आवळ, अजून आवळ," ते स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणत होते आणि दोघं एकमेकांना उत्तरं देत होते. पाणी थंड व्हायची वाट बघितली, भरलं, सेल मारला, निघालो. पुढे सगळा प्रवास ती ट्यूबच होती, बदलली नाही. त्या दिवसापासून मी मागच्या सीटवर आणि अण्णा पुढे.

विन्यालेस सुंदर आहे त्यात वादच नाही. लाल माती, तंबाखूची हिरवी शेतं, मधूनच जमिनीतून उभे वर आलेले चुनखडीचे झाडीने झाकलेले डोंगर, त्यांना मोगोते म्हणतात. १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत. नांगर अजून बैलांचा. तंबाखू वाळवायच्या ताडाच्या पानांनी शाकारलेल्या पडव्या बघितल्या, सिगार वळताना बघितली, विकत घेतली नाही. कॉफी चांगली.

तिथून पूर्वेला जायचं तर परत हवानाच्या अंगावरूनच जावं लागतं, लांब पल्ला. रात्री हवानात थांबून सकाळी निघालो. हा पूर्वेचा महामार्ग बेटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचा होता, पण सोव्हिएत युनियन कोसळलं, पैसा संपला आणि १९९० च्या सुमारास काम जिथल्या तिथे थांबलं. प्लाया हिरोनला जेवायला थांबलो, १९६१ च्या एप्रिलमधली अमेरिकेने पाठवलेल्या लोकांची चढाई जिथे फसली तो किनारा. म्युझियमबाहेर विमान आणि रणगाडे आहेत. भात आणि काळ्या घेवड्याची उसळ, तळलेली कच्ची केळी, कोबीची कोशिंबीर. शाकाहारी लोकांनो, हेच रोज मिळेल, मसाला न्या सोबत. अण्णांनी पुडीतून आणलेलं कांदा-लसूण तिखट त्यावर घातलं, ड्रायव्हर साहेबांनी चमचाभर चाखलं आणि अर्धी बाटली पाणी प्यायले.

सिएनफुएगोस एका रात्रीत उरकलं. त्रिनिदादला जास्त राहिलो. १५१४ सालचं गाव, रस्ते सगळे गोल दगडांचे, जुन्या भागात गाडी नेता येत नाही आणि जिथे नेता येते तिथेही स्प्रिंगचे पाटे असे ओरडतात की ऐकवत नाही. गावाबाहेर ऊस कारखान्यांचं खोरं, व्हाये दे लोस इन्खेनिओस. इथे आमचे कोल्हापूरकर एकदम गप्प झाले. पंचेचाळीस मीटरचा मनोरा आहे, मालक तिथून शेतातल्या गुलामांवर नजर ठेवायचे. शेजारी उसाचा रस मिळाला, तिकडे ग्वारापो म्हणतात, आपल्याकडचं आलं-लिंबू नाही त्यात. अण्णांनी विचारलं कारखाना कुठाय चालू. ड्रायव्हरने मान हलवली. एके काळी वर्षाला ऐंशी लाख टन साखर करणारा देश, २००२ मध्ये निम्मे कारखाने बंद केले, आणि आम्ही गेलो त्याच्या आदल्या हंगामात साडेतीन लाख टनांच्या आसपास झाली. आता साखर बाहेरून आणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूला जिथे ऊस असायचा तिथे काटेरी झुडपं मैलोनमैल. अण्णांनी ग्लास परत भरून घेतला, पैसे दिले, आणि गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "आपल्याकडं उसाच्या वजनात काटा मारत्यात म्हणून भांडतो आपण."

आम्ही तिथे असतानाच बातमी आली की साधं पेट्रोल लिटरला २५ पेसोवरून १३२ होणार. कासातल्या टीव्हीसमोर सगळे ड्रायव्हर उभे. आमच्या साहेबांनी फोनवर कॅल्क्युलेटर काढून बराच वेळ काहीतरी केलं आणि मग जेवले नाहीत. मी दुसऱ्या दिवशी म्हटलं की ठरल्यापेक्षा थोडे जास्त देते, तर नको म्हणाले, ठरलं ते ठरलं. शेवटी आम्ही ते टीप म्हणून दिले. गोळ्या, साबण, सुया-दोरा हे सगळं लोक नेतातच, न्या, पण गाडीवाल्यासाठी काही न्यायचं असेल तर इन्सुलेशन टेप, होज क्लॅम्प, एम-सील असलं न्या. त्याला जो आनंद होईल तो चॉकलेटने होत नाही.

सांता क्लाराला चे गेवाराचं स्मारक बघून तिथून हवाना पावणेतीनशे किलोमीटर, संध्याकाळपर्यंत पोचलो. पंखा, बटण, ट्यूब, सगळं टिकलं.

शेवटच्या दिवशी अर्धा दिवस मोकळा होता. मी अण्णांना म्हटलं आता तरी एक तास त्या गुलाबी गाडीत बसू, इतकं लांब आलोय, मालेकॉनवर, त्या समुद्राकाठच्या रस्त्यावर, एक फोटो तरी होऊ दे. नाही-होय करत आले. पार्के सेंत्रालला रांगेच्या शेवटी एक जुनी ब्युइक उभी होती, लाल-पांढरी, बाकीच्यांपेक्षा जरा मळकी. अण्णांनी आधी दरवाज्याची कड तपासली, कापलेली नव्हती. मग बॉनेटकडे बोट. तो पोरगा आधी तयार होईना, मी जास्तीचे पाच देते म्हटल्यावर उघडलं. आत मूळ इंजिन! आठ सिलिंडर एका रांगेत, लांबच्या लांब, वर ब्युइकचं नाव उठावाच्या अक्षरात. अख्ख्या बेटावर फिरून अण्णांना जे दिसलं नव्हतं ते या टुरिस्टांच्या रांगेत उभं होतं. आणि त्यातही लॉजिक आहे, असं इंजिन पेट्रोल इतकं पितं की शेअर टॅक्सीला ते परवडतच नाही, तासाला चाळीस डॉलर देणारा कुणी असेल तरच ते चालू ठेवता येतं. म्हणजे आम्ही ज्याला नाकं मुरडत होतो त्या फोटोवाल्या गिऱ्हाइकांच्या पैशावर ते जगलं होतं.

मालेकॉन, वेदादो, क्रांती चौक, सगळं फिरलो. फोटो काढले, टोपी पण घातली. तास संपल्यावर मी पैसे देत होते तर अण्णा म्हणाले अजून अर्ध्या तासाचे दे. मी म्हटलं आता कुठे जायचं? म्हणाले कुठंच न्हाई, त्याला सांग हितंच उभी ठेव आणि बॉनेट उघडून इंजिन चालू ठेव. मी भाषांतर केलं. पोराने दोनदा विचारलं, नक्की ना, मग खांदे उडवले आणि चावी फिरवली.